तापाला भिऊन वसवलेलं गाव : समरव्हिलचं प्रकरण

१८४७ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात समरव्हिल नावाच्या वस्तीला गावाचा अधिकृत दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी गावाने एक नियम केला, की ठराविक जाडीच्या वरचं झाड परवानगीशिवाय तोडायचं नाही, तोडलं तर २५ डॉलर दंड. त्या काळात २५ डॉलर म्हणजे चांगलीच मोठी रक्कम होती. झाडं वाचवण्यासाठी केलेल्या अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या कायद्यांमध्ये हा धरतात, आणि आज ते वाचून वाटतं की काय दूरदृष्टीची माणसं होती! पण हीच माणसं नदीकाठी सायप्रसची अख्खी जंगलं तोडून, दलदल उपसून भाताची खाचरं करत होती. मग एवढ्याशा गावातल्या पाइनच्या झाडांवरच इतका जीव का? मला या गावाचा नाद लागला तो या एका प्रश्नामुळे, आणि उत्तर शोधत गेलं की गावाची घरं, रस्ते, अंगणं, कायदे सगळं एकाच भीतीतून आलेलं दिसतं, तापाच्या भीतीतून.

आधी जागा नीट समजून घेऊ. चार्ल्स्टन हे समुद्रकाठचं बंदर आणि त्याच्या वायव्येला साधारण ४० किलोमीटरवर समरव्हिल, मध्ये अ‍ॅशली नदी आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्लांटर लोकांचे मळे. प्लांटरला मराठीत मळेवाला म्हणता येईल, पण मळेवाला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर विहीर, ऊस आणि भाजीपाला येतो, आणि हे लोक तसे नव्हते, शेकडो एकर जमीन आणि त्यावर राबणारी पन्नास, शंभर, कधी त्याहून जास्त गुलाम माणसं बाळगणारे हे मालक होते, म्हणून मी प्लांटरच म्हणते. त्यांचं पीक होतं भात. कोकणात वाढलेल्या माणसाला त्या खाचरांचे जुने नकाशे बघताना फार ओळखीचं वाटतं, बांध, चर, साठवणीचं पाणी, आणि पाणी आत-बाहेर सोडायला लाकडी दार, आपल्याकडे खारभूमीच्या बांधाला जी उघाडी असते आणि गोव्यात जिला मानस म्हणतात तिचीच ही बहीण. तिथे तिला ट्रंक म्हणतात कारण सुरुवातीला ती सायप्रसचं पोकळ खोड घालून करायचे.

हे सगळं ज्ञान प्लांटर लोक इंग्लंडहून घेऊन आले नव्हते, इंग्लंडात भात होतच नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, सिएरा लिओन आणि त्याच्या आजूबाजूच्या मुलखात, लोक कित्येक शतकं भात पिकवत आले होते, आणि तिथूनच पकडून आणलेल्या माणसांनी ही खाचरं उभी केली, उखळ-मुसळाने कांडलं, गवताच्या विणलेल्या सुपाने पाखडलं. १८६० च्या जनगणनेत साउथ कॅरोलायनाची लोकसंख्या ७ लाख ३ हजारांच्या वर होती आणि त्यातले ४ लाख २ हजार गुलाम होते, म्हणजे शंभरातले ५७. भाताच्या पट्ट्यात तर हे प्रमाण याहून कितीतरी जास्त.

आता अडचण काय होती ते बघा. भाताची पेरणी मार्चपासून मेपर्यंत, मग उन्हाळाभर पाणी भरायचं, सोडायचं, परत भरायचं, आणि कापणी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे नेमक्या उकाड्याच्या महिन्यांत घराभोवती मैलोन् मैल उथळ, गोडं, साचलेलं पाणी. आणि याच महिन्यांत ताप यायचा. 'कंट्री फीव्हर' म्हणायचे त्याला, खेड्यावरचा ताप. धडधाकट माणूस संध्याकाळी मळ्यावर राहिला, की दहा-पंधरा दिवसांनी हुडहुडी भरून आडवा, आणि बरेचदा परत उठायचाच नाही. अनुभवाने एक नियम पक्का झाला होता, मे महिन्याच्या मध्यापासून ते नोव्हेंबरातल्या पहिल्या कडक हिमापर्यंत, म्हणजे दव गोठायला लागेपर्यंत, मळ्यावर एकही रात्र काढायची नाही. दिवसा जा, पिकावर नजर टाका, हिशोब बघा, पण सूर्य मावळायच्या आत तिथून निघा. एक रात्रसुद्धा नाही म्हणजे नाही, लग्न असो की मयत.

मग रात्री राहायचं कुठे? ज्यांच्याकडे भरपूर पैसा होता ते जहाजाने उत्तरेला ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला जायचे, काहीजण १८२० च्या दशकापासून नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या फ्लॅट रॉकला बंगले बांधायला लागले. चार्ल्स्टन शहरात घर असेल तर तिथे. पण शहराला अधूनमधून पिवळ्या तापाची साथ झोडपायची, आणि शहर काय किंवा डोंगर काय, तिथून रोज सकाळी घोड्यावर बसून मळ्यावर जाऊन येता येत नव्हतं. ज्याला पाण्याच्या प्रत्येक पाळीवर, प्रत्येक बांधावर लक्ष ठेवायचं होतं त्याला अशी जागा हवी होती की जी तापापासून लांब पण मळ्यापासून जवळ. अख्खं प्रकरण या एका अंतराचं आहे, एवढं जवळ की दिवसात जाऊन येता यावं आणि एवढं लांब की जीव वाचावा. आपल्याकडे मुंबईचा गव्हर्नर माल्कमने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसवलं किंवा ठाण्याचा कलेक्टर मॅलेटने १८५० मध्ये माथेरान शोधलं तिथे उंचीवर जाऊन गारवा मिळवायचा होता. इथे डोंगरच नाहीत. समरव्हिल समुद्रसपाटीपासून जेमतेम २०-२५ मीटर वर, आणि उन्हाळ्यात तिथेही घामाच्या धारा लागतात. गारव्यासाठी वसवलेलं हे गाव नाहीच.

लोकांनी जागा निवडली ती मातीवरून आणि झाडावरून. नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर रेताड जमीन असते, तिथे पाणी पडलं की जिरून जातं, डबकं राहत नाही, आणि अशा जमिनीवर लाँगलीफ पाइन वाढतो, सरळ उंच, लांब सुयांचा, राळेचा घमघमाट असलेला. एकेकाळी अमेरिकेच्या दक्षिणेत हा पाइन जवळजवळ ९ कोटी एकरांवर पसरलेला होता, आज त्यातला फारच थोडा शिल्लक आहे. तेव्हाच्या डॉक्टरांचं मत असं की ताप कुजक्या हवेतून येतो, दलदलीत पालापाचोळा सडतो, त्यातून विषारी वाफ निघते, रात्री ती जमिनीलगत पसरते, आणि पाइनची राळेची हवा ती वाफ मारते. म्हणून पाइनचं झाड हे त्यांच्या दृष्टीने औषध होतं, आणि शेजाऱ्याने पाइन तोडला म्हणजे त्याने सगळ्या गावाच्या हवेला भोक पाडलं. २५ डॉलरचा दंड इथून आला. गावाचं ब्रीदवाक्यसुद्धा लॅटिनमध्ये आहे, 'साक्रा पिनुस एस्टो', पाइन पवित्र असो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मलेरिया हा शब्द इटालियन, 'माला आरिया', वाईट हवा. म्हणजे रोगाच्या नावातच चुकीचं कारण बसलेलं आहे. आणि आपला शब्द बघा, हिवताप. हिंव भरतं आणि ताप येतो, संपलं. अंगाला काय होतं तेवढंच सांगितलं, कारणाबद्दल एक अक्षर नाही. आमच्या आजी म्हणायच्या, "पोरी, तिन्हीसांजेला खाचराकडे जाऊ नको गो, हिंव भरेल." मी विचारायचे का गं आजी, तर म्हणायच्या, "का ते मला काय माहीत, पण भरतं." अगदी हाच नियम चार्ल्स्टनच्या प्लांटरने पाळला, फक्त त्याने त्याच्या मागे वाफेचं शास्त्र उभं केलं.

१८ व्या शतकाच्या शेवटी, स्वातंत्र्ययुद्धानंतर, ही वस्ती सुरू झाली. जवळच अ‍ॅशलीच्या काठावर डॉर्चेस्टर नावाचं जुनं गाव होतं, १६९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या लोकांनी वसवलेलं, ते ओस पडलं. आज तिथे शिंपल्यांच्या चुन्याच्या काँक्रीटचा, ज्याला ते टॅबी म्हणतात, किल्ला आणि विटांचा चर्चचा मनोरा तेवढा उभा आहे. नदीकाठचं गाव रिकामं झालं आणि आत रेताड उंचवट्यावर नवीन वस्ती उभी राहिली, भीतीचा भूगोल म्हणावा तर हाच. सुरुवातीला कुणी आखणी वगैरे केली नाही. ज्याला जी जागा आवडली तिथे त्याने पाइनच्या सावलीत घर घातलं, आणि एका घरातून दुसऱ्या घरी जायला झाडांना वळसे घालत जी पायवाट पडली तिचाच पुढे रस्ता झाला. जुन्या भागात आजही गाडी चालवताना रस्ता उगाचच वळतोय असं वाटतं.

आता घरं. चार्ल्स्टनची श्रीमंत घरं विटांची, गिलाव्याची, नक्षीच्या जिन्यांची, आणि मळ्यावरच्या हवेल्या त्याहून मोठ्या. तीच माणसं उन्हाळ्यात इथे आली की साध्या लाकडी घरात राहायची, सुरुवातीच्या घरांना तर बरेचदा रंगही नसायचा आणि आतून गिलावाही नसायचा, कारण चार-पाच महिन्यांचा मुक्काम, आणि उद्या ही जागाही वाईट निघाली तर सोडून जायला काही वाटू नये. पण या साधेपणातून जे घर तयार झालं ते मला चार्ल्स्टनच्या कुठल्याही हवेलीपेक्षा जास्त हुशार वाटतं.

मी एका घराच्या खाली वाकून बघितलं होतं, मालकिणीने परवानगी दिली म्हणून. आपल्या कोकणातल्या घराचं जोतं भरीव असतं, दगड-माती भरून चोपलेलं, वर शेणाने सारवलेलं. इथे जोतंच नाही. विटांचे बुटके खांब, माझ्या कमरेच्याही वर येतील एवढे, आठ-नऊ फुटांवर एकेक, त्यांच्यावर हाताने तासलेल्या जाड तुळया आणि त्या तुळयांवर अख्खं घर. खालून सगळं मोकळं. ऑगस्टची दुपार होती, बाहेर अंगणात उभं राहवत नव्हतं आणि त्या खालच्या अंधाऱ्या जागेत मात्र वारा लागत होता, रेती थंड होती, एक मांजर पसरलं होतं. तुळईला हात लावला तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं लाकूड अजून किंचित चिकट, वास राळेचा. लाँगलीफच्या गाभ्याचं हे लाकूड इतकं राळेने भरलेलं असतं की वाळवी सहसा फिरकत नाही आणि जुन्या लाकडात खिळा ठोकायला गेलं तर खिळा वाकतो.

वर आलं की आधी लांबरुंद पडवी, घराच्या समोर आणि बरेचदा दोन-तीन बाजूंनी. ते लोक तिला पियाझा म्हणतात. मध्ये दार, दारातून सरळ मागच्या दारापर्यंत जाणारा रुंद बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या, आणि खोल्यांना जमिनीपासून जवळजवळ आढ्यापर्यंत खिडक्या. पुढचं आणि मागचं दार उघडलं की वारा आरपार. छप्पर दुपाखी नाहीतर चौपाखी, तेच पुढे पडवीवर उतरतं म्हणून भिंतीवर ऊन येतच नाही. भिंती आडव्या फळ्यांच्या, खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा. दिवसाचा बहुतेक वेळ पडवीवर जायचा, भाजी निवडणं, शिवणं, पत्रं लिहिणं, गप्पा. तिथे एक मजेशीर बाक असतो, जॉगलिंग बोर्ड, पाइनची एकच पंधरा-सोळा फुटी फळी दोन टोकांना झुलत्या लाकडी टेकूंवर ठेवलेली. तुम्ही टोकाला बसलात तरी फळी मध्ये वाकते आणि हळूहळू सगळे सरकत मधोमध येतात, मुलंबाळं, म्हातारे, आणि लग्नाच्या वयाची मंडळी तर नक्कीच.

पडवीच्या छताकडे बघितलं तर फिकट निळा रंग. हा रंग गुलाह लोकांकडून आलेला आहे असं मानतात, गुलाह म्हणजे या किनाऱ्यावरच्या आफ्रिकन गुलामांचे वंशज, त्यांची श्रद्धा अशी की भूत पाण्यावरून येऊ शकत नाही, निळा रंग बघून ते फसतं आणि परत जातं. म्हणजे मालकाच्या डोक्यावरचं आढं मालकाच्या डॉक्टरने सुचवलेलं नाही, ते त्याच्या गुलामाच्या श्रद्धेने रंगवलेलं आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. पाइनच्या या वस्त्यांमध्ये संध्याकाळी अंगणात उंच ओटे किंवा लाकडी मांडव करून त्यावर मातीचा थर द्यायचे आणि वर राळेने भरलेल्या पाइनच्या ढलप्या पेटवायचे. रात्रभर ती आग जळायची, हवा शुद्ध व्हावी म्हणून आणि उजेडासाठी. प्रत्येक घरापुढे अशी धगधगती आग, वर काळा पाइन, आणि सगळीकडे राळेचा धूर. हवा शुद्ध होत होती की नाही ते जाऊ द्या, पण धुराला डास कंटाळतात हे आपल्या गोठ्यात धुरी करणाऱ्या कुठल्याही माणसाला माहीत आहे.

घराच्या मागे गेलं की गावाचा दुसरा अर्धा भाग दिसतो. स्वयंपाकघर वेगळं, घरापासून थोडं लांब, आगीच्या भीतीने आणि उकाड्यानेसुद्धा. त्याच्या बाजूला किंवा माडीवर खोल्या, घरकाम करणाऱ्या गुलामांच्या. मालकाबरोबर उन्हाळ्यात कोण यायचं ते मालक ठरवायचा, स्वयंपाकीण, दाई, गाडीवान, एखादी मुलगी पंखा हलवायला. आई गावात आणि तिची मुलं मळ्यावर, असं व्हायचं. समोरच्या पडवीची जेवढी चित्रं काढली गेली त्याच्या शंभराव्या हिश्शानेही मागच्या या खोल्यांची काढली गेली नाहीत, आणि मला ही त्या गावाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी उणीव वाटते, कारण समोरच्या पडवीवरचा निवांतपणा मागच्या चुलीवरच चालत होता.

आणि मळ्यावर जे राहिले त्यांचं काय? घरकामाला नेलेले सोडले तर बाकी सगळे गुलाम मळ्यावरच राहिले. ज्या एका रात्रीला मालक एवढा भ्यायचा, तशा दीडशेच्या वर रात्री त्यांनी दरवर्षी तिथेच काढल्या, खाचराच्या कडेला झोपडीत. काम मुकादमाकडे असायचं, जो स्वतःही बहुतेक वेळा गुलामच असायचा, वरती एखादा गोरा कारभारी. मालक लोक सांगायचे की काळ्या माणसाला हा ताप बाधत नाही, देवानेच त्याला तसं केलंय. यात एक अर्धवट सत्य होतं. पश्चिम आफ्रिकेत पिढ्यान् पिढ्या मलेरियाबरोबर राहिलेल्या माणसांपैकी काहींच्या रक्तात त्याला तोंड देणारे गुण असतात, सिकल सेल या रक्ताच्या आजाराचा एक जीन त्यातला, जो आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडेही बऱ्याच कुटुंबांत सापडतो. पण ते संरक्षण अर्धंमुर्धं, सगळ्यांना नाही, आणि लहान मुलांना तर फारच कमी. इतिहासकारांचा अंदाज आहे की भाताच्या मळ्यांवर जन्मलेल्या गुलामांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मोठी व्हायच्या आतच दगावली, तापाने, हगवणीने, आणि आईला बाळंतपणानंतर लगेच गुडघाभर पाण्यात उभं केल्यामुळे. मालक हे आकडे वहीत लिहून ठेवत होता, म्हणून तर आज ते माहीत आहेत. बाधत नाही असं म्हणणाऱ्यानेच मृत्यूची नोंद करायची, हे मला कितीही वेळा वाचलं तरी पचत नाही.

मालक अर्धं वर्ष गायब असल्याचा एक परिणाम मात्र त्याला नको असलेला झाला. मळ्यावर गोऱ्या माणसांचा वावर कमी, त्यामुळे त्या लोकांची भाषा, गाणी, स्वयंपाक, देवधर्म, टोपल्या विणायची पद्धत टिकून राहिली. इंग्रजी आणि पश्चिम आफ्रिकेतल्या भाषा मिळून झालेली गुलाह बोली आजही त्या किनाऱ्यावर ऐकू येते, आणि चार्ल्स्टनच्या बाजारात बायका जी गवताची सुंदर टोपली विणताना दिसतात तिचं मूळ भात पाखडायच्या सुपात आहे.

आता समरव्हिलची निवड बरोबर होती की नाही हे तपासायला शेजारचं उदाहरण घेऊ. पाइनव्हिल हे असंच गाव, सँटी नदीजवळच्या प्लांटर लोकांनी १७९४ च्या सुमारास वसवलेलं, शाळा, वाचनालय, चर्च, सगळं होतं. चाळीस वर्षं बरी गेली आणि मग १८३० च्या दशकात तिथे तापाची जोरदार साथ आली. पाइन होते, रेती होती, नियम होता, तरी आली. बऱ्याच कुटुंबांनी गाव सोडलं आणि १८३४ मध्ये थोडं लांब पायनोपोलिस नावाची नवी वस्ती केली. म्हणजे पाइनची हवा ताप मारते हे त्यांच्या डोळ्यांदेखत खोटं ठरलं होतं, तरी त्यांनी ते खोटं मानलं नाही, फक्त गाव हलवलं. तेरा वर्षांनी समरव्हिलने झाडाचा कायदा केला तेव्हा तिथल्या मंडळींना पाइनव्हिलचं काय झालं ते माहीत नसेल असं होऊच शकत नाही, एवढ्या लहान समाजात सगळे एकमेकांचे सोयरे. मला वाटतं त्या २५ डॉलरमध्ये ती धास्तीही आहे. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

समरव्हिलला पाइनव्हिलसारखं हलावं लागलं नाही, आणि त्यात रेल्वेचा मोठा हात. चार्ल्स्टनहून साउथ कॅरोलायनातल्याच हॅम्बर्गपर्यंत १३६ मैलांची लाइन १८३३ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा ती जगातली सगळ्यात लांब रेल्वे होती, आणि ती समरव्हिलजवळून गेली. रेल्वे कंपनीने लाइनच्या बाजूला जमीन घेतली आणि नवीन समरव्हिल आखलं, सरळ रस्ते, काटकोन, प्लॉट पाडलेले. म्हणजे एकाच गावात दोन गावं झाली, जुनं झाडांना वळसा घालणारं आणि नवीन पट्टीने ओढलेलं. आता फक्त प्लांटरच नाही तर चार्ल्स्टनचा व्यापारी, वकीलसुद्धा कुटुंब इथे ठेवून गाडीने शहरात जाऊन यायला लागला. नकाशा समोर ठेवला तर कुठली गल्ली तापाने आखली आणि कुठली रेल्वेने ते बोट ठेवून दाखवता येतं.

खरं कारण कळायला अजून बराच वेळ होता, आणि ते आपल्याकडे कळलं. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादमध्ये रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला, १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मग मागे वळून प्लांटरचे नियम तपासले तर अंगावर काटा येतो. अ‍ॅनोफिलीस डास उथळ, स्वच्छ, गवत असलेल्या साचलेल्या पाण्यात वाढतो, म्हणजे भाताचं खाचर. तो चावतो तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत, म्हणून दिवसा मळ्यावर जाऊन आलं तर चालायचं आणि रात्र काढली तर नाही. तो साधारण दीड-दोन किलोमीटरच्या पुढे सहसा उडत नाही, म्हणून काही मैलांवरचा रेताड उंचवटा पुरायचा. हिम पडलं की तो थंडावतो, म्हणून पहिलं हिम. आणि पाइनव्हिलचं कोडंही सुटतं, वस्तीजवळ कुठेही पाणी साचायला लागलं की पाइन काय करणार? प्रत्येक नियम बरोबर, आणि प्रत्येक नियमामागचं कारण चूक. शंभर वर्षं नुसतं मेलेल्या माणसांकडे बघून त्यांनी अंतर, वेळ आणि महिना इतका अचूक काढला, आणि तेच ज्ञान दुसऱ्या माणसांना द्यायचं मात्र नाही असं ठरवलं.

अमेरिकेचं यादवी युद्ध झालं, १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, भाताची शेती हळूहळू कोसळली. आणि मग ३१ ऑगस्ट १८८६ ला रात्री दहाच्या सुमारास मोठा भूकंप झाला. त्याला चार्ल्स्टनचा भूकंप म्हणतात, पण केंद्र समरव्हिलच्या बाजूला होतं, आणि समरव्हिलमध्ये त्याच्या आधी तीन-चार दिवस जमीन हादरत होती, मोठे आवाज येत होते. चार्ल्स्टनमध्ये विटांच्या इमारती कोसळल्या, साधारण साठ माणसं गेली. समरव्हिलमध्ये विटांची धुराडी ढासळली, घरं खांबांवरून सरकली, काही खाली बसली, पण लाकडाचा सांगाडा लवचीक, तो वाकला आणि बराच टिकला. वाफेला भिऊन खांबांवर उचललेलं घर भूकंपाला तोंड द्यायला बांधलेलं नव्हतं, खांब हाच त्याचा कच्चा दुवा ठरला, पण उंच विटांच्या भिंती नसल्यामुळे आतली माणसं वाचली.

त्यानंतर गावाचं नशीब उलटं फिरलं. १८८० च्या दशकाच्या शेवटी पॅरिसला क्षयरोगावर डॉक्टरांची परिषद झाली आणि तिने फुप्फुसाच्या आजाराला जगातल्या सगळ्यात चांगल्या जागांमध्ये समरव्हिलचं नाव घेतलं, असं तिथे आजही अभिमानाने सांगतात, त्या काळच्या जाहिरातींत तर ते पानोपानी असायचं. कारण परत तेच, पाइनची हवा! उत्तरेकडचे श्रीमंत लोक थंडीत यायला लागले, १८९१ मध्ये पाइन फॉरेस्ट इन हे मोठं हॉटेल उघडलं, १९०२ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट गावात येऊन गेले. उन्हाळ्यासाठी वसवलेलं, नावातच उन्हाळा असलेलं गाव हिवाळ्याचं ठिकाण झालं. पडव्यांना काचा लागल्या, शेकोट्या मोठ्या झाल्या, व्हिक्टोरियन नक्षीच्या लाकडी झालरी आल्या, आणि आज पर्यटक ज्याला जुनं समरव्हिल म्हणून फोटो काढतात त्यातलं बरंचसं या काळातलं आहे. याच सुमारास, १८८८ मध्ये, चार्ल्स शेपर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने इथे चहाचा मळा सुरू केला, जवळच्या काळ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि त्याच मुलांकडून पानं खुडून घेतली. १९१५ मध्ये तो वारला, झाडं रानात वाढत राहिली, आणि १९६० च्या दशकात त्यांच्या फांद्या चार्ल्स्टनजवळच्या वॉडमलॉ बेटावर नेऊन लावल्या, तिथे आजही चहा होतो.

आज समरव्हिलची लोकसंख्या ५० हजारांच्या वर आहे, आजूबाजूला विमानांचे आणि गाड्यांचे कारखाने आलेत, नवीन कॉलन्या उठल्यात आणि त्यात आपल्याकडची इंजिनियर मंडळीही दिसतात. नवीन घरांचं जोतं सिमेंटचं, जमिनीला टेकलेलं, एसी चोवीस तास. १९८९ च्या ह्यूगो वादळात खूप पाइन पडले. पण मोठं झाड तोडायला गावाची परवानगी अजूनही लागते. मागच्या वर्षी जुन्या भागात एका घराची डागडुजी चालली होती, पुढची पडवी अगदी मूळ फळ्या शोधून शोधून नीट केलेली, आणि मागचं स्वयंपाकघर ताडपत्रीखाली, छप्पर अर्धं बसलेलं. सुताराला विचारलं याचं काय करणार, तो म्हणाला अजून ठरलं नाही. मी आत डोकावले. चुलीचं तोंड जवळजवळ माझ्या खांद्याएवढं उंच, विटा आतून काळ्या कुळकुळीत, आणि बाजूच्या दाराचा उंबरठा मधोमध पायांनी झिजून वाटीसारखा खोल झालेला.